जोडीची मजुरी

गटाराच्या कामावर माणसं घेताना मुकादम आधी नाव विचारत नाही. तो विचारतो, "जोडी आहे का?" नवरा-बायको मिळून एक जोडी. नवऱ्याने खणायचं, बायकोने घमेलं वाहायचं. हजेरीत नाव नवऱ्याचं आणि मजुरीही त्याच्याच हातात. बायको कामावर असते, पण कागदावर कुठेच नसते.

पुण्यात नोकरीला लागेपर्यंत मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझे आईवडीलही जोडीनेच कामाला जायचे. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडे रस्त्याच्या कामावर वडील अंगठा उठवायचे आणि आई त्या अंगठ्यात धरलेली असायची. त्या मजुरीवर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, मग तालुक्याच्या गावी डिप्लोमा केला, मग शिष्यवृत्तीवर स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. निकालाच्या दिवशी वडिलांनी प्रमाणपत्र हातात धरून उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "यात तुजं नाव कुटं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण पुढे मी जे केलं ते याच पदवीच्या जोरावर केलं.

मला नोकरी दिली ती सरांनी. सरकारी बांधकामांच्या निविदा आणि मोजमापं तपासून देणारी त्यांची छोटी सल्लागार कंपनी होती. त्याआधी तीन ठिकाणी मुलाखतीत माझ्या इंग्रजीला लोक हसले होते. सरांसमोर मी अडखळायला लागले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं. "मराठीत सांगा. गटाराला इंग्रजी कळत नाही." मी सांगितलं. त्यांनी मला ठेवून घेतलं. राहायची सोय होईपर्यंत महिनाभर मी त्यांच्या कोथरूडच्या घरी मागच्या खोलीत राहिले. त्यांच्या पत्नी मला रोज सकाळी गरम पोळी वाढायच्या आणि "लाजू नको गं" म्हणायच्या. मी त्या घरचं मीठ खाल्लं आहे. सर दुष्ट होते असं मला आजही म्हणवत नाही.

आमच्याकडे तेव्हा एका सरकारी खात्याचं काम होतं. खात्याचं नाव इथे सांगत नाही, त्याने काही फरक पडणार नाही. कोथरूडमध्ये सोसायट्यांच्या मधल्या रस्त्यांना पावसाळी गटारं घालायची होती. या खात्याच्या निविदेत एक अट होती, जी इतर ठिकाणी मी पाहिली नव्हती. कागदावर तिला 'वाजवी मजुरीची अट' म्हणत. ठेकेदाराने प्रत्येक मजुराला, बाई असो की बाप्या, शहरात त्या कामाला चालू असलेली पूर्ण मजुरी द्यायची. हजेरी ज्याची त्याच्या नावाने. पैसे ज्याचे त्याच्या बँकखात्यात. ही अट घालणारा अधिकारी केव्हाच बदलून गेला होता, अट राहिली होती.

या अटीमुळे एक गोष्ट घडली, जिचा विचार अट लिहिणाऱ्यानेही केला नसेल. या कामावर एकटी बाई येऊ शकली.

ती चाळिशीची होती. आमच्याच जिल्ह्यातली, शेजारच्या तालुक्याची. माझं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी तिने ओळखलं. "ताई, तुमी आपल्याकडच्या हाय का?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मी साइटवर गेले की ती माझ्यासाठी पाण्याचा तांब्या धुऊन ठेवायची. मी तिला मावशी म्हणायचे.

तिचा नवरा वारला होता. दिराची बायको नांदत नव्हती. म्हणजे दिराला जोडी नव्हती आणि हिलाही नव्हती. गावाने हिशेब सोपा केला. दोन हंगाम ती दिराबरोबर ऊसतोडीला गेली. ते दोन हंगाम तिने मला एकदाच सांगितले, गटाराच्या कडेला डबा खाताना.

"पैसं त्याच्याकडं, शिव्या माज्याकडं," ती म्हणाली. "आनि बाकीचं काय सांगू ताई तुमाला. तुमचं अजून लगीन व्हायचंय."

मग कोणीतरी तिला सांगितलं की पुण्यात एका कामावर बाईला एकटीला घेतात, स्वतःच्या नावाने. ती एसटीत बसून आली. मुकादमाने नेहमीप्रमाणे "जोडी कुठाय?" विचारलं. ती म्हणाली, "जोडी मेली. मी हाय." अटीमुळे त्याला तिला घ्यावं लागलं. दीर दोनदा तिला न्यायला आला. दोन्ही वेळा तिने त्याला पासबुक दाखवलं. पैसे दाखवायला नाही, त्यावरचं नाव दाखवायला. तो वाचू शकत नव्हता, पण समजला.

तर तिची सगळी सुटका त्या एका अटीवर उभी होती. हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं.

ठेकेदारांनी अट काढून टाकायची मागणी केली तेव्हा सुरुवातीला कोणी फारसं लक्ष दिलं नाही. त्यांचं म्हणणं असं की या अटीने काम महाग होतं. हजेरीवर मजुरी दिली की माणसं रेंगाळतात. त्यापेक्षा मापावर मजुरी द्या, जेवढं खणाल तेवढे पैसे. त्याच पैशांत जास्त गटारं होतील, जास्त लोकांना काम मिळेल. कामगार संघटनेचं म्हणणं उलट होतं. मजुरी पाडली की चांगला मजूर जातो, गटार पहिल्या पावसात खचतं, आणि मापावर मजुरी म्हणजे पुन्हा जोडी, कारण खणणारा आणि वाहणारा असे दोघं असल्याशिवाय माप भरत नाही. वर्तमानपत्रांत पत्रं आली. कोथरूडच्या एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं की त्यांच्या गच्चीतून त्यांना कामापेक्षा विश्रांतीच जास्त दिसते आणि ही विश्रांती त्यांच्या करातून चालते.

आमच्या ऑफिसात एक जुने हेडक्लार्क होते. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले, पेठेत वाढलेले. ते पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं आणि घडी घातली.

"गृहस्थ तीस वर्षं मंत्रालयात होते," ते म्हणाले. "विश्रांती ओळखण्याचा अनुभव दांडगा."

सगळे हसले. मीही हसले.

शेवटी खात्याने एक समिती नेमली आणि समितीला पाहणी हवी होती. एक मजूर दिवसाला प्रत्यक्षात किती काम करतो? पाहणी आमच्या कंपनीकडे आली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे तुम्ही करा," ते म्हणाले. "आपल्या ऑफिसात मजुरी म्हणजे काय हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? बाकीच्यांनी पुस्तकात वाचलंय."

मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं, सरांनी मोठं काम दिलंय. कसलं ते नाही सांगितलं.

पाहणी तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी सकाळी मी सगळ्या मजुरांना गोळा केलं. चोरून मोजणं मला अप्रामाणिक वाटलं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पाहणीचा हेतू स्पष्ट सांगावा. मी सांगितला.

"तुम्हाला मिळते ती मजुरी तुमच्या कामाच्या मानाने जास्त आहे का, एवढंच बघायचं आहे," मी म्हणाले. "तुम्ही रोज करता तसंच काम करा."

ते एकमेकांकडे पाहू लागले. मावशीने पदर खोचला.

"ऐकलं का रं सगळ्यांनी?" ती म्हणाली. "ताई आपलीच हाय. पन तिला वर दाखवायला कायतरी पायजे. आपुन हरामाचं खात न्हाई हे तिच्या कागदावर आलं पायजे."

आणि ते कामाला लागले.

मी लहानपणापासून मजुरीचं काम पाहिलं आहे, पण त्या तीन दिवसांसारखं कधी पाहिलं नाही. टिकाव वर जायचा आणि खाली यायच्या आत दुसरा वर गेलेला असायचा. बायका घमेली घेऊन चालत नव्हत्या, पळत होत्या. मुरूम ट्रॉलीत ओतून येताना रिकामं घमेलं हवेत फेकायच्या आणि खणणारा ते झेलायचा. तंबाखू मळायला कोणी थांबलं नाही. दुपारच्या डब्याला अर्धा तास असतो, तो दहा मिनिटांत संपला. मी मोबाइलवरचं घड्याळ लावून बसले होते आणि फेऱ्या मोजत होते. एकेक फेरी झाली की वहीत एक रेघ.

गच्चीवाले गृहस्थ चहाचा कप घेऊन खाली आले.

"काय हो बाई, आज काही सण आहे का?"

"पाहणी आहे, काका."

"मग रोज करत जा की पाहणी. तुम्हाला खुर्ची आमची देतो."

त्यांनी खरोखरच खुर्ची पाठवली. मी तीन दिवस त्या खुर्चीत बसून मोजलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन फार होतं. मावशी घमेलं खाली ठेवून कडेला गेली, सोसायटीच्या भिंतीला हात टेकला आणि ओकली. चूळ भरली. तोंडावर पाणी मारलं. माझ्याकडे पाहून हसली, जणू काही आमचं दोघींचं मिळून काही चाललं होतं. मग पुन्हा घमेल्याला लागली. मी घड्याळ थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तो वेळ मोजणीतून वगळावा लागला असता आणि माप बिघडलं असतं. खरं तर मी असा काही विचार केला नाही. मी फक्त थांबवलं नाही.

संध्याकाळी निघताना तिने विचारलं, "ताई, चांगलं आलं का?"

"खूप चांगलं आलं, मावशी."

"मग आता न्हाई ना काढत ती अट?"

"बघू," मी म्हणाले.

त्या रविवारी तक्ता मांडताना मला आकडे पाहूनच कळलं की हे खरे नाहीत. म्हणजे मोजलेले खरे होते, पण रोजचे नव्हते. मी आईला फोन केला आणि या वेळी सगळं सांगितलं. आई हसली.

"अगं येडे, साहेब समोर बसल्यावर कोन हळू करतंय?" ती म्हणाली. "मोजनीच्या दिवशी आमीबी जीव टाकून करायचो. तुजे बाप तर दुसऱ्या दिवशी उटायचे न्हाईत. तुला म्हाईत न्हाई का?"

मला माहीत होतं. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी आई वडिलांच्या पाठीला तेल चोळायची आणि मी शेजारी अभ्यास करायचे. मला माहीत होतं आणि तरी मी तीन दिवस रेघा मारत बसले होते.

मी अहवालाच्या शेवटी एक टीप घातली. 'पाहणीच्या काळात कामाचा वेग नेहमीपेक्षा बराच अधिक असल्याचे जाणवले. हा वेग रोजच्या कामाचा मानू नये.' सोमवारी अहवाल सरांना दिला. त्यांनी तो संपूर्ण वाचला. तक्त्यांचं कौतुक केलं. मग टिपेवर पेन्सिल टेकवली.

"हे 'जाणवले' म्हणजे कशाने मोजलं?"

"मोजलं नाही सर. पण माझी आई..."

"तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे," सर म्हणाले, आणि तो खरा होता. "पण आईंचं मत अहवालात घालायचं का? समितीतला एखादा विचारेल, बाकीच्या आकड्यांतले किती मोजलेले आणि किती जाणवलेले? मग सगळा अहवाल कचऱ्यात. तुमचं नाव आहे त्यावर. माझं नाही, तुमचं. मुद्दाम तुमचं ठेवलंय."

मी पहिल्या पानाकडे पाहिलं. खरंच, 'पाहणी व अहवाल' याखाली माझं एकटीचं नाव होतं.

"मी काढत नाही ती टीप," सर पुढे म्हणाले. "तुमचा अहवाल, तुम्ही ठरवा. अभियंता म्हणून ठरवा म्हणजे झालं."

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. मी टीप खोडली. कोणी माझा हात धरला नव्हता. त्यांनी आवाजही चढवला नव्हता. मला त्या क्षणी त्यांच्या पत्नींनी वाढलेली पोळी आठवली, इंग्रजीला हसणारे ते तीन चेहरे आठवले, आणि मावशी आठवलीच नाही. ती आठवली खाली जिना उतरताना.

समितीची सुनावणी खात्याच्या सभागृहात झाली. सकाळची वेळ, वातानुकूलित दालन, टेबलावर बिस्किटं. ठेकेदारांच्या बाजूने एक जण, कामगार संघटनेचे एक कार्यकर्ते, नागरिकांच्या वतीने ते गच्चीवाले गृहस्थ आणि आम्ही. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी चार मजूर आणले होते. ते मागच्या रांगेत चपला हातात घेऊन बसले होते. त्यांत मावशी होती. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. मला पाहून तिने मान डोलावली.

सरांनी माझी ओळख करून दिली. "या आमच्या मॅडम. यांचे आईवडील स्वतः मजुरी करत. त्यामुळे हा अहवाल मजुरांच्या विरोधात आहे असं कोणी म्हणू नये."

मी तक्ते वाचून दाखवले. ठेकेदारांचा माणूस माझं वाचून होण्याचीच वाट पाहत होता.

"म्हणजे बघा, आम्ही मजुरी कमी करा म्हणतच नाही," तो म्हणाला. "याच वेगाने मापाचा दर बांधा. मॅडमनी मोजलेल्या वेगाने काम केलं, की आजच्याइतकीच मजुरी पडते. कोणाचं नुकसान? मग अट हवी कशाला?"

संघटनेचे कार्यकर्ते उठले. त्यांनी ठेकेदाराकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, एवढंच सांगा. हा वेग वर्षभर टिकतो का?"

सर समोर पाहत होते. ज्या वाक्याची गरज होती ते मी आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि स्वतःच्याच हाताने खोडलं होतं. ते तोंडी सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं.

"पाहणीत जे आढळलं ते अहवालात दिलं आहे," मी म्हणाले.

"ते कळलं हो. टिकतो का?"

"पाहणी तीन दिवसांची होती."

अध्यक्ष वयस्कर अधिकारी होते. त्यांना लवकर संपवायचं होतं. ते म्हणाले, "अहो, यांना कशाला विचारताय? काम करणारी माणसं इथेच आहेत. काय हो बाई, मागच्या, तुम्ही. त्या तीन दिवसांत होतात का तुम्ही कामावर?"

मावशी उभी राहिली. चपला तिने खाली ठेवल्या, मग पुन्हा उचलल्या.

"व्हते साहेब."

"या मॅडमनी लिहिलंय तेवढं काम केलंत? की त्यांनी वाढवून लिहिलं?"

"वाडवून कशाला लिवतील? आमी केलं तेवडंच लिवलंय."

"बरं. असं काम रोज करता येईल?"

कार्यकर्ते अर्धवट उठले. "साहेब, प्रश्न असा..."

"त्यांना बोलू द्या."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं की हाच तो शेवटचा प्रश्न, ज्याचं उत्तर बरोबर दिलं की अट राहणार. तिचा चेहरा उजळला होता. मी मान हलवू शकले असते. एवढीशी, डावीकडून उजवीकडे. मी समोरच्या बिस्किटांकडे पाहिलं.

"करू की साहेब," ती म्हणाली. "रोज करू. नुस्तं आमचं आमच्या नावानं असू द्या."

गच्चीवाले गृहस्थ म्हणाले, "वा! विषयच संपला." काही जण हसले. अध्यक्षांनी तिला "बसा, छान बोललात" असं म्हटलं. ती बसली आणि शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं. तिला वाटलं आपण जिंकलो.

बाहेर जिन्यात कार्यकर्त्यांनी मला गाठलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुम्ही शिकलात ते फार बरं झालं," ते शांतपणे म्हणाले. "अडाणी राहिल्या असतात तर एवढं नुकसान करणं तुम्हाला जमलं नसतं."

मागून सर आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उत्तम बोललात. नेमकं आणि तेवढंच." त्या महिन्यात माझं पद वाढलं. मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेले. हेही लिहायला हवं. मी गेले आणि मी नमस्कार केला.

पुढच्या निविदेत अट नव्हती. मापाचा दर माझ्या तक्त्यावरून बांधला होता. त्या दराने आधीइतकी मजुरी मिळवायची तर रोज त्या तीन दिवसांसारखं काम करायला हवं. कोणी आठवडाभर केलं, कोणी पंधरा दिवस. मग सगळे मूळ वेगावर आले आणि मजुरी तेवढी खाली आली. हजेरीतून बायकांची नावं गेली. मुकादम पुन्हा जोड्या विचारू लागला.

मावशी मला भेटायला ऑफिसात आली तो दिवस मंगळवार होता. तिला वर यायला शिपायाने अडवलं होतं, मी खाली जाऊन घेऊन आले. हेडक्लार्कांच्या टेबलासमोर ती उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"ताई, मुकादम म्हनतो जोडी आन," ती म्हणाली. "एकटीला माप देत न्हाई. दीर आलाय, खाली वस्तीवर बसलाय. म्हनतो आता बोल."

"मी मुकादमाशी बोलते, मावशी."

"बोलून कोन ऐकतंय. मला एक चिठ्ठी लिवून द्या." तिने ते आधीच ठरवून ठेवलं होतं, घोकल्यासारखं सांगितलं. "ही बाई एकटी जोडीचं काम करती, असं लिवा. खनतीबी आनि वाहतीबी. तुमी मोजलंय न्हवं? तुमच्या वहीत हाय. तुमची सही बघून घेतील."

मला तिची वही आठवली, म्हणजे माझीच. तीन दिवस ती खणतही होती आणि वाहतही होती, आणि तिच्या नावापुढच्या रेघा सगळ्यांत जास्त होत्या. ती खोटं बोलत नव्हती.

मी कागद ओढला. हेडक्लार्क चष्म्यावरून पाहत होते.

"द्या की," ते म्हणाले. "लेटरहेडवरच द्या. म्हणजे उद्या सगळ्या पुण्यातले मुकादम प्रत्येक बाईला जोडीचं काम लावतील. मापाला पुरावा म्हणून तुमचीच सही."

ते टोचून बोलायचे म्हणून आम्ही नेहमी हसायचो. या वेळी ते टोचत नव्हते. खरं तेच सांगत होते. मी कागदावर हात ठेवून बसून राहिले. चिठ्ठी दिली तर एका बाईला दोघांचं काम आणि एकाची मजुरी, आणि तिच्यामागून सगळ्यांना. न दिली तर खाली वस्तीवर दीर. तिसरा काही रस्ता त्या टेबलावर नव्हता. असता तर तो सुनावणीच्या दिवशी होता.

"मावशी, मला असं लिहून देता येणार नाही," मी म्हणाले. "नियमात बसत नाही."

"नियमात," ती म्हणाली. तिने मला पहिल्यांदाच नीट पाहिल्यासारखं पाहिलं. रागावली नाही. "बरं. तुमची नोकरी हाय."

तिने टेबलाला नमस्कार केला. मला नाही, टेबलाला. ऑफिसात आल्यावर असं करायचं असतं असं तिला वाटत असावं. हेडक्लार्क उठून उभे राहिले. ते कोणासाठी उठत नसत.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी खडकवासल्याच्या रस्त्यावर दुसऱ्या एका गटाराचं काम तपासायला मी गेले होते. मोटारीने, ड्रायव्हरसह. ती तिथे होती. वाळली होती. एक काळा, दणकट माणूस खणत होता आणि ती घमेलं भरून घ्यायला त्याच्यामागे उभी होती. मी गाडीतून उतरून जवळ गेले.

"मावशी, कशा आहात?"

खणणाऱ्याने टिकाव खाली टेकवला.

"बरी हाय," तो म्हणाला.

"इथे कधीपासून?"

"दिवाळीपासून," तो म्हणाला.

"जेवलात का, मावशी?" मी विचारलं. दुसरं काय विचारायचं ते मला समजत नव्हतं.

"जेवली," तो म्हणाला, आणि घमेलं भरून तिच्या डोक्यावर चढवलं.